काठी हातात आल्याशिवाय

घरगाडीतून, फुएनलार्गा
९ सप्टेंबर २००३

सौ. ओरोसियाताईस,
वालेरोचा सप्रेम नमस्कार. विनंती विशेष काही नाही, थोडी भीती विशेष आहे.

आम्ही दोघं सुखरूप आहोत. तुमची घरगाडीही सुखरूप आहे, उजव्या अंगावरचा एक ओरखडा सोडला तर. गल्ली गाडीपेक्षा चार बोटं रुंद होती, मी पाच समजलो. सिरियाकोदाजींना हे तूच सांग, जेवण झाल्यावर. चार वर्षं अंगणात उभ्या असलेल्या त्या गाडीखाली कोंबड्यांशिवाय कुणी झोपलं नाही, असं ते नेहमी म्हणतात. आता निदान प्रवासाची एक खूण तिच्या अंगावर आहे.

वीस दिवसांत दोन बंद पडलेले लोहमार्ग आम्ही सायकलने केले. रूळ उचललेले, खाली बारीक खडी दाबून बसवलेली, आणि चढ असा कुठे नाहीच. इंजिनाला जो झेपत नव्हता तो आखणाऱ्यांनी ठेवलाच नव्हता. जोडसायकलवर मी पुढे, बाबा मागे. चौऱ्याऐंशी वर्षांचे पाय अजून चालतात, पण तोंड पायांच्या पुढे. माझी मान जाड आहे, माझ्या पाठीमुळे त्यांना डोंगर दिसत नाहीत, मी ब्रेक म्हाताऱ्या बाईसारखा दाबतो. माझं नाव कधी आठवतं, कधी मी एलोय होतो. एलोय कोण, असं विचारलं की पुन्हा माझ्या मानेवर घसरतात. तुझं नाव मात्र या वीस दिवसांत एकदाही त्यांच्या तोंडी आलं नाही. हे लिहू नये असं वाटत होतं, पण तू विचारलं होतंस.

आज आपल्या मार्गावर आलो. फुएनलार्गा ते तोर्रेमुदा, चौदा किलोमीटर, अकरा बोगदे. तोर्रेमुदाचे स्टेशनमास्तर म्हणून बाबांनी एकवीस वर्षं सांभाळलेला हा तुकडा, आणि पलीकडच्या टोकाला तुझं-माझं जन्मघर. पहिल्या बोगद्याशी बाबा सायकलवरून उतरले आणि हलेनात. काठी कुठे आहे, म्हणाले.

तुला आठवत असेलच. मार्ग एकेरी, म्हणून एका तुकड्याला एकच काठी. ती ज्याच्या हातात त्यानेच आत शिरायचं आणि पलीकडच्या मास्तरच्या हातात ती ठेवली की सुटायचं. रूळ उचलून कित्येक वर्षं झाली, समोरून गाडी येणार नाही, असं मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, मेलेल्या प्रत्येकाला असंच वाटलं होतं. मागून दोन जर्मन सायकलवाले आले, त्यांनाही हात आडवा करून थांबवलं. ते बिचारे थांबलेही. शेवटी मी गाडीतून माझं पावाच्या भट्टीतलं लाटणं आणलं. बाबांनी त्याचं वजन पाहिलं, पेन्सिलीने त्यावर खूण केली आणि रीतसर माझ्या हातात दिलं. तोवर ऊन चढलं होतं. उद्या सकाळी निघू.

कागद माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. सिस्टरांच्या वृद्धाश्रमातली खोली बाबांसाठी वीस तारखेपर्यंतच राखून ठेवली आहे, तुझी सही झाली आहे आणि माझी राहिली आहे, हे मी विसरलेलो नाही. रोज संध्याकाळी पुस्तक उघडतो. आईबापांचा मान राख ही आज्ञा आणि बाबांना सांभाळण्यात गेलेली तुझी अकरा वर्षं, दोन्ही एकाच पानावर येतात. सात मीटर लांब गाडी, आत दोन माणसं आणि एक कागद, आणि मला कूस बदलायला जागा नाही.

पत्र तोर्रेमुदाच्या जुन्या स्टेशनावर पाठव. तिथे आता एन्ग्रासिया नावाच्या बाईंची खानावळ आहे. फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मी गप्प बसतो. शिवाय बाबांच्या घरात फोनवरचा शब्द कधी शब्द म्हणून धरलाच गेला नाही.

लोभ आहे तेवढा राहू दे, ओरखड्यापायी कमी करू नकोस.
तुझा धाकटा,
वालेरो


वाल्दोरे
११ सप्टेंबर

चि. वालेरोस,
ताईचे अनेक आशीर्वाद. त्यांतला एक ओरखड्यासाठी परत घेतला आहे.

दाजींना मी जेवणाआधीच सांगितलं, मला धीर धरवत नाही. ते म्हणाले, तुझ्या भावाला पावासारखं सगळं गोल करायची सवय, तो गाडी सरळ कशी नेणार. मग उठून अंगणात गेले आणि जिथे गाडी उभी असायची त्या कोरड्या चौकोनाकडे बघत बसले.

घर कसं आहे हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. पहिले चार दिवस मी झोपले. पाचव्या दिवशी बाजारात टोमॅटो निवडता निवडता अर्धी पिशवी टाकून पळत घरी आले, कारण दाराला कडी घातली की नाही ते आठवेना. घर रिकामं. कडी कुणासाठी घालायची? अकरा वर्षांत मी दोन तासांवर घराबाहेर राहिलेले नाही. गाडी घेतली तेव्हा दाजी म्हणाले होते, समुद्राकाठी जाऊ, आठ दिवस नुसत्या भाजलेल्या सार्डिन खाऊ. चार वर्षांत आम्ही त्या गाडीत एकदाच बसलो, इथेच अंगणात, कारण घरात बाबा ओरडत होते.

मी वाईट मुलगी नाही, वालेरो. बाबा पहाटे तीनला उठून कंदील शोधतात आणि मी त्यांच्या मागे फिरते. गेल्या हिवाळ्यात दोनदा शेतात सापडले, पायात काही नाही. माझे गुडघे गेले. सिस्टर दोमितिला म्हणते की ही खोली गेली तर दोन वर्षं दुसरी मिळायची नाही. तू वर्षातून पाच वेळा केक घेऊन येतोस, बाबा तुला मिठी मारतात, आणि तू जातोस. आज्ञा तुझ्या पुस्तकात आहे. बाबा माझ्या घरात आहेत.

सही कर आणि टपालात टाक. बाबांचे पाय रात्री कोमट पाण्याने धू, थंड पाण्याने नको.

लोभ वाढवायचा की कसं, ते सही आल्यावर बघू.
तुझी ताई


तोर्रेमुदा स्टेशन
१४ सप्टेंबर

सौ. ताईस,
सप्रेम नमस्कार वि. वि. आम्ही अडकलो आहोत.

कसे ते सांगतो, हसू नकोस. दहा तारखेला आम्ही काठी घेऊन निघालो. प्रत्येक बोगद्याच्या तोंडाशी बाबा दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचे आणि आत अंधारात मी नमो मारियाची प्रार्थना म्हणायचो. सर्वांत लांब बोगदा नऊ नमो मारियांचा आहे. तोर्रेमुदाला पोहोचल्यावर बाबांनी काठी एन्ग्रासियाबाईंच्या हातात दिली आणि बजावलं की इकडून निघणाऱ्या पहिल्या गाडीला द्यायची. बाई भली आहे. म्हाताऱ्याचं मन राखावं म्हणून तिने दुसऱ्या दिवशी पहाटे फुएनलार्गाकडे निघालेल्या दोन शिक्षिकांना ती काठी दिली. बाबांनी खाडकन सलाम ठोकला. त्या बायकांनी पलीकडे पोहोचून ती तिथे उभ्या असलेल्या दाजींच्या घरगाडीच्या आरशाला टांगली आणि तसा निरोपही धाडला.

आता बघ. काठी फुएनलार्गाला, आम्ही तोर्रेमुदाला, आणि काठी एकच. ती मार्गाने परत येईपर्यंत इकडून कुणी आत शिरायचं नाही. सायकल बाबांनी साखळीने खांबाला बांधली आहे.

मी एन्ग्रासियाबाईंच्या गाडीतून डोंगराला वळसा घालून तीस किलोमीटर गेलो आणि काठी घेऊन आलो. बाबांनी विचारलं, रस्त्याने आली? मला खोटं बोलवलं नाही. ते म्हणाले, मग ही काठी नव्हे, हे लाकूड आहे. बोगद्यात कोण अडकलंय ते हिने पाहिलं का? मला ती परत नेऊन आरशाला टांगावी लागली. बाई म्हणाल्या, तुमच्यात एक वेडा आणि एक आज्ञाधारक, आणि पेट्रोल मला आज्ञाधारकाचं जास्त पडतं. बाबांनाच गाडीत घालून रस्त्याने न्यावं, तर बदलीचा माणूस आल्याशिवाय ठाणं सोडत नाहीत. प्रवाशांच्या खोलीतल्या बाकावर झोपतात. आणि ताई, झोपतात गं. सकाळपर्यंत.

काल दुपारी आम्ही बदाम फोडत बसलो होतो. अचानक त्यांनी मला एलोय म्हणून हाक मारली आणि सगळं सांगितलं. अठ्ठावन्न साली एलोय इथे मुकादम होता. त्याची बायको फुएनलार्गाला बाळंतपणात अडली होती. काठी पलीकडे होती. बाबांनी फोन केला, तिकडचा मास्तर म्हणाला मार्ग मोकळा आहे, आणि बाबांनी एलोयला काठीशिवाय ढकलगाडीवर सोडलं. समोरून खडीची गाडी आली, सातव्या बोगद्यात. एवढं सांगून बाबांनी माझी माफी मागितली. मी दिली. एलोयच्या वतीने ती देण्याचा मला अधिकार होता का, ते फादरना विचारीन.

कागदाचं म्हणशील तर इथे टपालवाला दोन दिवसांनी एकदा येतो. वीस तारीख जवळ आली हे मला दिसतं आहे. पण मीच असा कोंडला गेलो, त्याला काय करू?

लोभाला बोगद्याची आडकाठी नसावी.
तुझा,
वालेरो


वाल्दोरे
१६ सप्टेंबर

वालेरो,
आशीर्वाद नंतर.

एन्ग्रासियाबाईंच्या गाडीतून रस्त्याने फुएनलार्गाला जायचं, आरशाची काठी काढायची, कुणाची तरी सायकल मागून घ्यायची आणि बोगद्यांतून तोर्रेमुदाला यायचं. काठी मार्गाने आली. दोन तासांचं काम. हे मला भांडी घासताना सुचलं. तुला तीन दिवसांत सुचलं नाही, हे दुसऱ्या कुणाला सांग. तू कोंडला गेला नाहीस, तू लपला आहेस. वीस तारीख आपोआप निघून जाईल आणि तुला ना हो म्हणावं लागेल ना नाही.

एलोयचं मला माहीत होतं. दहा वर्षांची होते मी, तो माझा बाप्तिस्म्याचा धर्मपिता. त्याला फलाटावर आणलं तेव्हा बाबांची टोपी माझ्या हातात होती. त्या दिवसापासून बाबांनी हातात पडल्याशिवाय काही खरं मानलं नाही. तुला कुणी सांगितलं नाही, कारण तू लहान होतास. तू नेहमीच लहान होतास.

मी येते आहे. एकोणीसला दाजी मला फुएनलार्गाला सोडतील. सायकल मला येत नाही, आरशाची काठी घेऊन बोगद्यांतून चालत येईन. पेन भरून ठेव.
ओरोसिया


भट्टी, काम्पोरेल
२४ सप्टेंबर

सौ. ताईस,
सप्रेम नमस्कार. खरं तर माफी आधी आणि नमस्कार मागाहून.

तू लिहिलंस ते खरं होतं. तो उपाय मला पहिल्याच संध्याकाळी सुचला होता. रोज देवासमोर उद्या जाईन म्हणायचो, आणि रोज उद्या व्हायचा.

त्या दिवशी फलाटावर काय चाललं होतं ते तू पाहिलं नाहीस, म्हणून लिहितो. काठी निघाली आहे, एवढंच मी बाबांना सांगितलं. त्यांनी दाढी केली, एन्ग्रासियाबाईंकडून सदऱ्याला इस्त्री करून घेतली आणि जाऊन उभे राहिले. दुपार गेली. चार वाजले, पाच वाजले. मी म्हटलं, बघून येतो. म्हणाले, तू शिरलास तर दोघं मराल. मग शेवटच्या बोगद्यातून आवाज आला, लाकूड दगडावर घासल्याचा. अंधारात वाट कळावी म्हणून तू काठी भिंतीला लावून चालत होतीस. बाहेर आलीस तेव्हा लंगडत होतीस आणि एक बूट हातात होता. चौदा किलोमीटर, ते गुडघे घेऊन. मला धावत यायचं होतं. बाबांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं.

त्यांनी तुला ओळखलं नाही, ते तुला लागलं, मी पाहिलं. पण काठी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, पेन्सिलीची खूण तपासली आणि विचारलं, किती वेळ मार्गात होतीस? तू म्हणालीस, अकरा वर्षं. मला वाटलं ते हसतील. ते म्हणाले, फार झालं; इतका वेळ कुणाला मार्गात ठेवत नाहीत, कुणाचं तरी चुकलं आहे. काठी माझ्याकडे आली, पोरी, तू सुटलीस. हात धू आणि जेव.

तू बाकावर बसून बूट चढवलास, आणि तो चढवायला तुला बराच वेळ लागला. माझा पेन खिशात भरलेला होता. तू तो मागितला नाहीस. दाजी आले, आणि तू त्यांच्याबरोबर गेलीस. दुसऱ्या सकाळी बाबांनी काठी माझ्या हातात दिली आणि आम्ही अकरा बोगदे करून परत आलो.

कुणाचं चुकलं ते मला कळलं आहे. तिथेच सांगायला हवं होतं, पण आपल्या घरात तोंडी चालत नाही, म्हणून हातात देतो. कागद यासोबत आहे, सहीशिवाय. सिस्टर दोमितिलांना मी वीस तारखेला स्वतः जाऊन सांगितलं की खोली दुसऱ्या कुणाला द्या. बाबा माझ्याकडे आहेत, भट्टीच्या वरच्या खोलीत. ते पहाटे तीनला उठतात. मी गेली तीस वर्षं तीनला उठतो. इथे त्यांना कंदील शोधावा लागत नाही, भट्टी पेटलेली असते. पहिल्याच दिवशी घड्याळ काढून बसले आणि माझे पाव सात मिनिटं उशिरा निघाले म्हणून मला झापलं.

मला भीती वाटते, ताई. रविवारी मिस्साला जाता आलं नाही, त्यांना एकटं ठेवता येईना. दारात उभा राहून घंटा ऐकली आणि तिथूनच क्रूसाची खूण केली. परवा पाव देऊन अर्ध्या वाटेवरून पळत आलो, कडी घातली की नाही आठवेना. घातली होती. पाचच दिवसांत मला तुझे टोमॅटो कळले.

एप्रिलपर्यंत काठी माझ्याकडे. तेव्हा तू घ्यायची, की मी ठेवायची, की सिस्टरांच्या दारात दोघांनी मिळून जायचं, ते दोघं बसून ठरवू. तोवर हा तुकडा माझा. घरगाडी दाजींनी नेली आहेच. समुद्र तिथेच असेल.

लोभ मागत नाही. या वेळी तो मी लावायचा आहे.
तुझा,
वालेरो


घरगाडीतून, आमच्याच अंगणात
४ ऑक्टोबर

चि. वालेरोस,
अनेक आशीर्वाद, ओरखड्याचा धरून सगळे.

कागद मिळाला. चुलीत घातला आणि त्यावर कॉफी केली. एक ओळही लिहिता आली नाही, म्हणून उशीर.

गाडी पहिल्या तारखेपासून भरून ठेवली आहे. चादरी, तेल, सॉसेज, दाजींचा गळ. तीन दिवस मी आत बसते, दाजी किल्ली फिरवतात, इंजिन घरघरतं, आणि मी म्हणते थांबा, गॅस बघून येते. मग दार. मग बाबांचा रिकामा पलंग, तोही बघून येते. आज दाजींनी किल्ली माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, तुला सुटायचं असेल तेव्हा उठव मला. मागे जाऊन झोपले आहेत, घोरतायत. कोंबड्या पुन्हा गाडीखाली आल्या.

बाबांनी मला तू सुटलीस म्हटलं, पण ते कुणा भलत्याच बाईला म्हणाले. मी त्यांचीच मुलगी रे. नुसत्या शब्दावर मला निघता येत नाही.

बाबांचे पाय कोमट पाण्याने.
लोभाची काळजी करू नकोस, मी आहे तिथेच आहे.
तुझी ताई


भट्टी, काम्पोरेल
७ ऑक्टोबर

सौ. ताईस,
नमस्कार. घाईत लिहितो, पाव आत आहेत.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं की गाडी कुठे उभी आहे. मी म्हटलं, एका अंगणात, तीन दिवस, इंजिन तापवून. त्यांना संताप आला. उभ्या गाडीचा कोळसा फुकट जळतो, कुणी अडवलंय तिला, तिथला मास्तर मेला का? मी म्हटलं, मास्तर तुम्हीच. त्यांनी घड्याळ काढून पाहिलं. मग पिठाच्या पिशवीचा कोपरा फाडला आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली. तुझं पत्र तर तुझी ताई म्हणून संपलं होतं, त्यात तुझं नाव कुठेच नव्हतं, आणि गाडी कुणाची ते मी सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नाही. लिहून झाल्यावर कागद माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं मिटली.

तो या पाकिटात आहे. हातात घे, आणि मग दाजींना उठव.
लोभासह,
वालेरो


काठी शाबूत मिळाली. मार्गात कुणी नाही.
ओरोसिया हिला सोडावे.
लाम्बेर्तो, स्टेशनमास्तर, तोर्रेमुदा